रिकाम्या लॉबीत माणसं कशी आणायची?



मी तंजावूरहून बोलतोय. आमची मराठी तुमच्या कानाला जरा वेगळी लागेल. साडेतीनशे वर्षं कावेरीच्या काठी राहिल्यावर भाषेला तमिळ वळण लागणारच. आज मी शक्यतो पुस्तकातली मराठी बोलणार आहे. मध्येच एखादा आमच्या घरातला शब्द आला, तर सांभाळून घ्या.

या व्याख्यानमालेत आतापर्यंत इतिहास, संगीत, शेती, आरोग्य असे विषय झाले. माझा विषय त्यांच्यापुढे पोरकट वाटेल. मी एका कॉम्प्युटर गेमबद्दल बोलणार आहे. नेमकं सांगायचं तर, चांगला असूनही फारसं कुणी खेळत नाही अशा ऑनलाइन गेमसाठी त्याच्या चाहत्यांनी काय करावं, याबद्दल. विषय लहान आहे, पण त्यातला प्रश्न लहान नाही. चांगल्या गोष्टी माणसांअभावी का बंद पडतात, आणि ज्यांना त्या आवडतात त्यांच्या हातात नेमकं काय असतं, हा तो प्रश्न. तंजावूरच्या मराठी माणसाला तो लवकर कळतो. का, ते शेवटी सांगतो.

मी ज्या गेमचं उदाहरण घेणार आहे त्याचं नाव 'झिरो ए.डी.'. म्हणजे इसवी सन शून्य. असं वर्ष कधी झालंच नाही. इसवी सनापूर्वी १ नंतर थेट इसवी सन १ येतं. नावातच गंमत आहे. हा गेम प्राचीन काळातल्या राज्यांचा आहे. ग्रीक, रोमन, इराणी, कार्थेजचे लोक, आणि आपले मौर्यही. तुमच्याकडे सुरुवातीला एक मुख्य इमारत आणि थोडी माणसं असतात. त्यांच्याकडून धान्य, लाकूड, दगड आणि धातू गोळा करायचे, घरं बांधायची, गावाचं नगर करायचं, सैन्य उभारायचं, आणि समोरच्याच्या आधी हे सगळं जमवायचं. मौर्य घेतलेत तर एक कामाचा हत्ती मिळतो. माणसांनी तोडलेलं लाकूड आणि काढलेला दगड ती त्याच्यापाशीच आणून टाकतात. हत्ती जंगलाजवळ नेऊन उभा केला की कोठार बांधायची घाई नाही. चंद्रगुप्त, अशोक आणि चाणक्य हे मौर्यांचे वीर आहेत.

हा गेम कुठल्या बड्या कंपनीने केलेला नाही. सुरुवातीची कल्पना २००० सालच्या आसपासची. 'एज ऑफ एम्पायर्स' या प्रसिद्ध गेममध्ये काही बदल करावेत एवढाच तेव्हा विचार होता. पुढे त्यातून स्वतंत्र गेम करायचं ठरलं. करणारी मंडळी स्वयंसेवक, त्यांच्या गटाचं नाव वाइल्डफायर गेम्स. जुलै २००९ मध्ये त्यांनी गेमचा सगळा कोड लोकांसाठी खुला केला. तेव्हापासून कुणीही तो पाहू शकतो, दुरुस्त करू शकतो, वाटू शकतो. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालतो. फुकट आहे. आत जाहिराती नाहीत, आणि 'आता शंभर रुपये भरा म्हणजे तलवार मिळेल' असला प्रकारही नाही.

आपल्याला आवडेल अशी आणखी एक गोष्ट. त्यांच्या प्रत्येक आवृत्तीला प्राचीन जगातलं नाव असतं. एप्रिल २०१३ मध्ये मौर्य ज्या आवृत्तीत आले तिचं नाव 'मगध'. २०१४ मध्ये गेम पहिल्यांदा इंग्रजीखेरीज इतर भाषांतही दिसू लागला, त्या आवृत्तीचं नाव 'पतंजली'. जानेवारी २०२५ मध्ये आली ती 'अग्नी'.

मग अडचण काय? अडचण अशी की तुम्ही गेम उघडता, इतरांबरोबर खेळायचं म्हणून लॉबीत जाता, आणि आपल्या वेळेला तिथे खेळायला जोडीदार सापडेलच याचा भरवसा नसतो. लॉबी म्हणजे खेळाडू जमण्याची ओसरी. कुणीतरी डाव मांडतो, बाकीचे येऊन बसतात. ही सोय डिसेंबर २०१३ मधल्या 'ओसिरिस' या आवृत्तीपासून आहे. एका डावात आठ जणांपर्यंत खेळता येतं. पण दुपारी तीन वाजता ओसरीवर कुणी नसेल, तर आलेला माणूस दहा मिनिटं बसतो आणि निघून जातो. त्यानंतर पंधरा मिनिटांनी दुसरा येतो, तोही वाट पाहून जातो. दोघांनाही वाटतं, हा गेम कुणी खेळत नाही.

इथे एक साधं गणित करू. समजा, तुमच्या ओळखीत हा गेम आवडणारे ३० जण आहेत, आणि प्रत्येक जण आठवड्यातून एक तास खेळतो. संध्याकाळी सहा ते रात्री बारा हे रोजचे ६ तास, म्हणजे आठवड्याचे ४२ तास. ३० माणसं ४२ तासांत आपापल्या सोयीने विखुरली, तर तासाला सरासरी एकही माणूस पडत नाही. तेच तीस जण रविवारी चार वाजता आले, तर आठ-आठ जणांचे तीन डाव भरतात आणि वर सहा उरतात. माणसं तेवढीच. एकदा गेम मेलेला दिसतो, एकदा जत्रा भरलेली दिसते.

म्हणून चाहत्यांसाठी पहिली गोष्ट ही. जाहिरात नंतर करा, आधी वेळ ठरवा. चाहते नेमकं उलटं करतात. गेम आवडला की दिसेल त्याला सांगत सुटतात. ऐकणारा बिचारा विश्वास ठेवून गेम उतरवून घेतो, लॉबीत जातो, कुणी भेटत नाही, आणि गेम काढून टाकतो. त्याला दुसऱ्यांदा बोलवायचं म्हणजे पहिल्यापेक्षा दुप्पट कष्ट. रिकाम्या घराचं आमंत्रण देऊ नये. घरात आधी चार माणसं बसवावीत, मग दार उघडावं.

वेळ ठरवताना घड्याळाकडे नीट बघा. असे गेम खेळणाऱ्यांत युरोपातले लोक पुष्कळ. हिवाळ्यात जर्मनी-फ्रान्समध्ये संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ एक तास पुढे जातं, तेव्हा आपल्याकडे साडेदहा. ज्याला सकाळी कॉलेज किंवा कामावर जायचंय त्याने मध्यरात्री डाव मांडावा, अशी अपेक्षा करता येत नाही. त्यामुळे भारतातल्या खेळाडूंना भारतातली वेळ लागणार. आम्ही रविवारी दुपारी चार ते सहा घेतो. जेवणं झालेली असतात, संध्याकाळची देवळाची किंवा बाजाराची वेळ झालेली नसते. वेळ कुठलीही घ्या, पण दर आठवड्याला तीच ठेवा. दोन माणसं आली तरी डाव मांडा. आज कमी आहेत म्हणून रद्द केलं, की पुढच्या रविवारी आणखी कमी येतात.

दुसरी गोष्ट, नव्या माणसाचा पहिला डाव. आपल्याला गेम येतो, त्याला येत नाही. तो अजून बोरं कुठली आणि लाकूड कुठलं हे ओळखत असतो, तेवढ्यात आपले घोडेस्वार जाऊन त्याच्या गावात धुमाकूळ घालतात. बारा मिनिटांत खेळ संपतो. आपल्याला जिंकल्याचा आनंद, त्याला अपमान. तो परत का येईल? आमच्या घरांत पल्लांकुळी खेळतात. चौदा खळ्यांची लाकडी पाटी आणि चिंचोके. आजी नातवाला शिकवते तेव्हा पहिल्याच डावात त्याचे सगळे चिंचोके उचलून घेत नाही. एक-दोन खळी त्याच्यासाठी सोडते, 'आता इथून उचल, बघ काय होतं' म्हणते. ती हरायला बसलेली नसते, खेळायला एक माणूस तयार करत असते. चाहत्यांनी ही आजीची रीत घ्यावी.

प्रत्यक्षात ती अशी. नव्याला आधी गेममधला शिकवणीचा भाग एकदा खेळायला सांगा. मग कॉम्प्युटरविरुद्ध डाव लावा आणि नव्याला तुमच्या बाजूला घ्या. दोघे मिळून यंत्राशी लढा. बोलत राहा. घोडेस्वार पहिल्यांदा कोंबड्यांकडे का पाठवायचा, बायका शेतात आणि सैनिक लाकडावर का लावायचे, हे दहा मिनिटांत सांगता येतं. माणसामाणसांत सामना त्यानंतर, आणि तेव्हाही एक जुना, एक नवा अशा जोड्या पाडून. लॉबीत गुणांकनाचे सामनेही असतात, प्रत्येकाची सुरुवात १२०० गुणांपासून होते. नव्या माणसाला महिनाभर तिकडे फिरकू देऊ नका. आकडा खाली जाताना पाहिला की भल्याभल्यांचा उत्साह जातो.

याच्याच जोडीला थोडं तांत्रिक. हे कंटाळवाणं आहे, पण माणसं इथेच गळतात. या गेममध्ये सगळ्यांची आवृत्ती एकच लागते. एकाकडे जुनी, दुसऱ्याकडे नवी असेल तर डाव जुळतच नाही. म्हणून आमंत्रणात आवृत्तीचं नाव आणि आकडा लिहा. डाव ज्याने मांडला त्याच्याच कॉम्प्युटरवर तो चालतो, मध्ये कंपनीचा मोठा सर्व्हर नसतो. त्याच्या घरच्या राउटरने २०५९५ हा पोर्ट अडवला तर बाकीच्यांना आत येता येत नाही. ज्याचं नेट सगळ्यांत भरवशाचं, त्यानेच डाव मांडावा. आणि सगळ्यांचे कॉम्प्युटर एका तालात चालावे लागतात. एकाचं मशीन मागे पडलं तर सगळ्यांचा खेळ अडखळतो. कुणाचा लॅपटॉप जुना असेल तर त्याला बाहेर काढू नका. नकाशा छोटा घ्या, माणसांची मर्यादा कमी ठेवा, चारच जण खेळा. तंजावूरसारख्या गावात मुलांकडे कॉलेजसाठी घेतलेला साधा लॅपटॉप असतो. त्यावर चालेल असा डाव लावणं ही आपली जबाबदारी.

तिसरी गोष्ट घरच्यांची. 'ऑनलाइन गेम' म्हटलं की तामिळनाडूत आईबापांच्या पोटात गोळा येतो, आणि तो उगाच येत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीने इथली किती घरं कर्जात गेली, माणसांनी जीव दिले, हे आम्ही वर्तमानपत्रांत वाचलंय. त्यावरून २०२२ मध्ये राज्याने कायदा केला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे, शिकवणारे खेळ वेगळे धरलेत, त्यांना उत्तेजन द्यायचं म्हटलंय. हा फरक घरातल्या मोठ्यांना माहीत नसतो. तो आपण सांगायला हवा, तोही मुलाच्या तोंडून नव्हे. मुलगा सांगेल तर ती सबब वाटते.

आमच्या ओळखीतल्या एका घरी मुलीला रविवारी लॅपटॉपला हात लावायची मनाई होती. मी तिच्या वडिलांना म्हटलं, 'अण्णा, तुम्ही अर्धा तास शेजारी बसा.' ते बसले. कुठे पैसे मागतात का, हे त्यांनी आधी पाहिलं. मग पडद्यावर अशोकस्तंभ उभारलेला दिसला तेव्हा विचारलं, 'हा आपला आहे की काय?' त्या दिवसापासून मुलीला रविवारचे दोन तास मिळाले. तासांची मर्यादा मात्र त्यांनीच घातली आणि आम्ही ती पाळतो. सहा म्हणजे सहा. चाहत्यांनी वेळेवर उठायला शिकलं नाही, तर घरचे दार बंद करणार आणि ते योग्यच असेल.

चौथी गोष्ट भाषा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला इंग्रजी वाचता येतं, पण खेळताना भराभर वाचता येत नाही. या गेमचं भाषांतर ट्रान्सिफेक्स नावाच्या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात. तिथे खातं उघडून आपल्या भाषेतल्या ओळी भरता येतात. प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. मराठी नीट येणं पुरे, आणि गेम खेळलेला असणं. कारण शब्द संदर्भ पाहून निवडावे लागतात. 'बॅरक्स'ला छावणी म्हणायचं की बराक? 'रॅली पॉइंट' म्हणजे तयार झालेल्या सैनिकांनी जिथे जमायचं ती जागा, त्याला काय म्हणाल? 'फेज'ला टप्पा बरा, अवस्था नको. पुण्याच्या माणसाने, नागपूरच्या माणसाने आणि तंजावूरच्या माणसाने मिळून हे ठरवलं तर मजाच येईल. आणि ज्याला एवढं जमणार नाही त्याने एका पानात मराठीतून 'पहिली दहा मिनिटं कशी खेळावीत' एवढं तरी लिहावं. तमिळमध्येही लिहावं. आमच्या डावात अर्धी मुलं तमिळ बोलणारी असतात.

पाचवी गोष्ट, आपलं काहीतरी त्यात घालणं. हा गेम खुला असल्याने त्यावर 'मॉड' करता येतात. मॉड म्हणजे मूळ गेमला जोडायची आपली भर. सैनिकाची ताकद, किंमत, नाव हे सगळं साध्या मजकुराच्या फायलींत असतं. त्या उघडून बदलता येतात. नव्या इमारती किंवा माणसं करायची तर ब्लेंडर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर शिकावं लागतं. गेमचा काळ प्राचीन आहे, त्यामुळे आमचं मोठं देऊळ त्यात बसत नाही. ते इसवी सन १०१० च्या सुमाराचं. पण आरंभीचे चोळ बसतात. अशोकाच्या शिलालेखांत चोळ आणि पांड्य यांची नावं आहेत. तंजावूरजवळचं कल्लणै धरण करिकाल चोळाने बांधलं असं परंपरा सांगते. तिकडे महाराष्ट्रात पैठणचे सातवाहन आहेत. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या चार मुलांनी चोळांचा मॉड करायला घेतला, आणि पैठणच्या चार मुलांनी सातवाहनांचा, तर खेळाडू शोधावे लागणार नाहीत. आपल्या गावाचं नाव पडद्यावर बघायला माणसं आपणहून येतात. काम मोठं आहे, वर्ष-दोन वर्षांचं. म्हणून आधी एक सैनिक, एक इमारत एवढंच करा आणि खेळून बघा.

सहावी गोष्ट व्हिडिओ. आता तुम्ही म्हणाल, हे आधी सांगायला हवं होतं, कारण 'अमंग अस'चं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. तो गेम जून २०१८ मध्ये आला. करणारे तिघे जण. दोन वर्षं त्याकडे जगाचं फारसं लक्ष नव्हतं. मग २०२० मध्ये, लोक घरात अडकलेले असताना, व्हिडिओवर थेट खेळून दाखवणाऱ्यांनी तो उचलला आणि काही महिन्यांत गेम जगभर पोचला. करणाऱ्यांनी दुसरा भाग काढायची घोषणा ऑगस्टमध्ये केली होती, ती सप्टेंबरमध्ये मागे घेतली आणि आहे तोच गेम सुधारायला घेतला.

यातून लोक एवढंच उचलतात की कुणी मोठा व्हिडिओवाला पकडा. मला दुसरं दिसतं. 'अमंग अस' बघायलाही मजा येते. खेळून दाखवणाराच खोटं बोलत असेल, तर ते बघणाऱ्याला माहीत असतं, बाकीच्या खेळणाऱ्यांना नसतं. आपला गेम तसा आहे का, हे आधी विचारा. झिरो ए.डी.चा पाऊण तासाचा डाव नवख्याने बघणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली मळणी बघणं. म्हणून अख्खा डाव टाकू नका. तीन मिनिटांचा एकच प्रसंग टाका, जिथे काहीतरी पणाला लागलंय. तटबंदी पडतेय, हत्ती आत घुसतायत, आणि बोलणारा मराठीत ओरडतोय. गेम प्रत्येक डावाची नोंद आपोआप ठेवतो. त्यात चित्र नसतं, दिलेल्या आज्ञा असतात, म्हणून फाइल लहान असते. ती उघडून रंगलेला प्रसंग सावकाश निवडता येतो. आणि फार पटाईत खेळाडूचाच व्हिडिओ हवा असं नाही. धडपडणारा, चुकणारा, हसणारा खेळाडू बघून नव्याला वाटतं, हे मलाही जमेल.

सातवी गोष्ट, करणाऱ्यांशी कसं वागायचं. २०१३ मध्ये झिरो ए.डी.च्या मंडळींनी इंटरनेटवरून वर्गणी मागितली. लक्ष्य होतं १ लाख ६० हजार डॉलरचं. जमले सुमारे ३३ हजार. पाचवा हिस्सा. तरीही गेम थांबला नाही, कारण बहुतेक काम लोक आपापल्या नोकऱ्या सांभाळून करतात. अशा लोकांना 'नवी आवृत्ती कधी, इतका वेळ का' असं विचारत बसणं म्हणजे देवळात फुकट स्वयंपाक करणाऱ्याला वाढायला उशीर का म्हणून दटावणं. त्यापेक्षा बिघाड सापडला की नीट लिहून कळवा. कुठली आवृत्ती, कुठला नकाशा, काय करत होतात, काय व्हायला हवं होतं, काय झालं. डावाच्या नोंदीची फाइल जोडा. अशा एका पत्राचं मोल शंभर तक्रारींहून जास्त.

काय करू नये, तेही सांगतो. खोटे अभिप्राय लिहू नका. दुसऱ्या गेमच्या खेळाडूंमध्ये जाऊन 'तुमचा गेम टाकाऊ, आमचा बघा' म्हणू नका. गेमचे दोष लपवू नका. मोठ्या लढाईत शेकडो सैनिक जमले की झिरो ए.डी. मंदावतो, हे आधीच सांगा. आधी सांगितलेला दोष माणूस सहन करतो, नंतर कळलेला करत नाही. आणि गेम आपल्या मालकीचा समजू नका. दोन-चार जुने खेळाडू लॉबीत बसून नव्यांची टिंगल करू लागले, तर बाहेरच्या सगळ्या जाहिराती व्यर्थ जातात.

हे सगळं प्रत्येक गेमला जसंच्या तसं लागू पडणार नाही. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने 'इंडस' हा बॅटल रॉयल गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आणला. येण्याआधीच त्यासाठी एक कोटीहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं होतं. असल्या गेमच्या एका फेरीला डझनावारी खेळाडू लागतात, आणि अशा अनेक गेममध्ये कमी पडलेल्या जागा यंत्राचे खेळाडू भरतात. तिथे रविवारचे आठ जण पुरणार नाहीत. पण तिथेही चार जणांची तुकडी लागतेच. नेहमीची तुकडी असलेला खेळाडू टिकतो, एकटा आलेला जातो. नोंदणीचा आकडा कोटीत असला, तरी माणूस टिकतो तो तीन ओळखीच्या माणसांमुळे.

मग आपलं काम जमतंय की नाही हे कसं ओळखायचं? किती जणांनी गेम उतरवला हे मोजू नका. व्हिडिओ किती जणांनी पाहिला हेही नको. एक वही करा. पहिल्यांदा आलेल्याचं नाव लिहा आणि तो तिसऱ्या रविवारी परत आला का, एवढंच बघा. पाचांतले दोन परत आले तर उत्तम चाललंय. एकही येत नसेल तर नवे शोधायचं थांबवा आणि न आलेल्यांपैकी एकाला फोन करून विचारा. उत्तर बहुतेक वेळा गेमबद्दल नसतं. 'मला कुणी बोललंच नाही,' 'माइक चालत नव्हता,' 'तुम्ही सगळे आपापसांतच हसत होता.' हे सुधारायला पैसे लागत नाहीत.

आता सुरुवातीला म्हटलं होतं त्याकडे येतो. 'सिटी ऑफ हीरोज' नावाचा एक ऑनलाइन गेम २००४ मध्ये सुरू झाला. त्याचे चाहते फार जिवाभावाचे. कंपनीने तो नोव्हेंबर २०१२ च्या अखेरीला बंद केला. सर्व्हर बंद झाला की असा गेम उरतच नाही. काही चाहत्यांनी तो गुपचूप जिवंत ठेवला होता, हे २०१९ मध्ये उघड झालं, आणि जानेवारी २०२४ मध्ये 'होमकमिंग' या चाहत्यांच्या गटाला कंपनीने रीतसर परवाना दिला. अकरा वर्षं लागली. झिरो ए.डी.चा कोड खुला आहे, त्यामुळे त्याला असं कुणी बंद करू शकत नाही. पण त्याला दुसरं मरण आहे. कोड राहील, चित्रं राहतील, हत्ती राहील, आणि लॉबीत कुणी नसेल.

हे आम्ही इथे रोज पाहतो. तंजावूरच्या मोठ्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रचंड मराठी शिलालेख आहे, १८०३ सालचा, सरफोजी राजांच्या काळातला. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथे मोडी कागदांची दप्तरं आहेत. दगड शाबूत आहे, कागद शाबूत आहेत. कमी आहेत ती वाचणारी माणसं. आमच्या घरातली मराठीही तशीच. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना ती समजते, पण बोलायला समोर कुणी नसतं, म्हणून ते तमिळमध्ये उत्तर देतात. भाषा अवघड झाली म्हणून कुणी सोडली नाही. एका वेळी, एका ठिकाणी, दोघे भेटेनासे झाले.

आमच्या रविवारच्या डावात एक नियम आहे. खेळताना मराठी येणाऱ्यांनी मराठीत बोलायचं, तमिळ येणाऱ्यांनी तमिळमध्ये, आणि ज्याला जे कळलं नाही त्याने तिथल्या तिथे विचारायचं. 'हत्ती पुढे घे', 'लाकूड संपलं', 'मागून आले, मागून आले!' एवढीच वाक्यं असतात. पण ती तरुण पोरांच्या तोंडून मोठ्याने येतात. एक गेम टिकवायला जे लागतं आणि एक बोली टिकवायला जे लागतं, त्यात मला तरी फार फरक दिसत नाही. ठरलेली वेळ, नव्याला सांभाळून घेणं, आणि पुढच्या वेळी तो आला नाही तर चौकशी.

तुम्हाला आवडणारा गेम कदाचित वेगळा असेल. असू दे. आज एवढंच करा. तो गेम आवडणाऱ्या तीन माणसांना फोन लावा आणि या आठवड्यातली एक वेळ नक्की करा. चौथ्या माणसाला तुम्ही चौघे दोनदा नीट खेळल्यानंतर बोलवा. ज्याचं नेट चांगलं त्याने डाव मांडा, आवृत्ती तपासा, माइक तपासा, आणि ठरलेल्या वेळेआधी दहा मिनिटं लॉबीत जाऊन बसा. पहिला नवा माणूस येईल तेव्हा तिथे कुणीतरी असायला हवं.

आमचा डाव रविवारी चार वाजता असतो. आलात तर मौर्य घ्या. हत्ती कसा वापरायचा ते मी सांगेन.